यादीतलं सहावं

आमच्या वाचनालयाखाली सोसायटीची बर्फाची खोली आहे.
त्यामुळे मे महिन्यातसुद्धा फरशी गार,
आणि खालच्या कप्प्यातली पुस्तकं
कायम सर्दी झाल्यासारखी फुगलेली.

हरेश्वर वैती पाचच्या ठोक्याला जिना चढतात.
पोर्ट ट्रस्टच्या लाँचवर बत्तीस वर्षं
पाण्याची खोली मोजलेला माणूस,
पायऱ्याही मोजूनच चढतो.
नात ओहायोत. तिनं फोनवर सांगितलेली यादी
बँकेच्या कॅलेंडरमागे उतरवून आणली: पाच पुस्तकं.
'मी राहते तो देश कळेल, आजोबा.'
तीन मी फोर्टातून मागवली, एक उसनं मिळालं,
एकाची झेरॉक्स, त्यातही पान १८८ नाही.

पहिलं बर्फाचं निघालं.
बॉस्टनकडच्या तळ्यांवर करवतीनं कापलेला हिवाळा
भुशात गुंडाळून, आफ्रिकेला वळसा घालून
चार महिन्यांनी मुंबईच्या धक्क्यावर उतरायचा,
साहेबांच्या पेल्यासाठी.
वैती उठले, खाली गेले,
लादीवर तळहात टेकवून उभे राहिले.
वर येऊन म्हणाले, 'निम्मा तरी वितळला असंल.'
हे पुस्तकातही होतं. तीन पानं पुढे.

दुसरं युद्धाचं.
तिथे भावानं भावावर बंदूक रोखली
आणि इथे कापसाच्या गासड्या सोन्याच्या झाल्या;
मुंबईत समुद्रसुद्धा विकायला निघाला,
शेअर, कंपन्या, भराव.
तिथे युद्ध थांबलं, इथे शेटजी बुडाले.
'भराव मात्र तरला,' वैती म्हणाले.
'नकाशावर चार वाव. मी दोरी सोडली, दीड.'

तिसऱ्यात होडीतून नदी उलटी चढणारे पुरुष
रोजनिशीत लिहितात: आज एक नवा ओढा सापडला,
त्याला सार्जंटच्या बायकोचं नाव दिलं.
काठावर मासे सुकत घातलेले.
'बाय, मासं सुकतात म्हंजे मानसं हायत ना?'
असणार, मी म्हटलं.
'मग ओढ्याला नाव नव्हतं कसं?'
मी ग्रंथपालाची पदविका केलेली.
९१७, भूगोल, उत्तर अमेरिका, इतकं येतं मला.
याचं उत्तर कुठल्या कपाटात, ते नाही शिकवलं.

चौथं त्यांनी अर्ध्यावर मिटलं. तहांचं होतं.
ओळीनं फुल्या, फुलीपुढे कारकुनाच्या अक्षरात एकेक नाव.
त्यांच्या आज्याचा अंगठा असाच एका कागदावर आहे.
कागद कुठे ते कुणाला ठाऊक नाही,
त्यावरची चाळीस मजली इमारत
आमच्या खिडकीतून दिसते.

पाचवं नातीच्या गावाचं. बारकंसं, गावकऱ्यांनीच लिहिलेलं:
पिठाची गिरणी कुणी घातली,
पुरात चर्चची घंटा कुठवर वाहत गेली,
कुणाची गाय कालव्यात पडली.
ते दोनदा वाचलं. हसत.
मग विचारलं, 'आपलं असं कंचं हाय?'
कपाटं मीच लावलीत. तरी उठून बघितल्यासारखं केलं.
मुंबईवर सत्तेचाळीस पुस्तकं. आमचा कोळीवाडा
त्यांत तळटिपेत येतो, नाहीतर फोटोत:
टोपल्या घेतलेल्या बायका, नावं नसलेल्या.

गेल्या मंगळवारी त्यांनी एक वही आणली.
लाँचवरची, जुनी. तारीख, भरती, वाव
या छापील रकान्यांवरून आडवं लिहिलेलं:
पाण्याखालच्या खडकांची नावं.
एक 'म्हातारी', ओहोटीला पांढरी दिसते म्हणून.
एक 'धाकूचा दगड'; धाकू कोण, होडी कशी फुटली,
त्याची बायको पुढे कुणाकडे राहिली, सगळं.
एकापुढे नुसतं: आता इथे पुलाचा खांब.

'नोंदव,' म्हणाले.
लेखक लिहिला. प्रकाशकापुढे रेघ.
किंमत विचारली तर रागावले.
वर्ग क्रमांकाशी मी दोन दिवस अडले आहे,
इतिहास म्हणावं, प्रवास, की लोकजीवन;
तोवर वही टेबलावर उघडी,
आणि खालच्या गारव्यानं शाई जराशी फुटतेय.

नातीला फोटो पाठवला. तिनं विचारलंय,
म्हातारीच्या उत्तरेला काय आहे?
वैती म्हणाले, उद्या सांगतो.
आधी एकदा मोजून येतो.