लिहिलेलं शून्य

स्लाउच्या ट्रेडिंग इस्टेटवर रात्री अडीचला
चॉकलेटच्या कारखान्याचा वास सुटतो
आणि आमच्या दारापाशी येऊन थांबतो.
आत पंख्यांचा घोंघाट, गार हवा,
ग्विलिमचा थर्मास.

त्या आठवड्यात तक्रार एकच:
रेडिंगकडच्या रुग्णवाहिका कक्षात
संध्याकाळचे फोन तुटतात.
अख्खे शब्द नाही, शब्दांची टोकं.
बाई पत्ता सांगतेय, घराचा नंबर गायब.

ग्विलिम मे महिन्यात निवृत्त होणार.
त्यानं केबलच्या खोक्याचं झाकण उलटं केलं
आणि पेन्सिलीनं आकडे मांडले.
सोळापासून पुढचे सगळ्यांना खुले,
दहा लाखांच्या वर आहेत, घ्या, बदला, पुसा.
शून्य ते पंधरा राखीव.

मला एस.टी.तली ती सीट आठवली
जिच्यावर ‘विधानसभा सदस्य’ लिहिलेलं असतं
आणि जिच्यावर मी कधी सदस्य पाहिला नाही.

एक म्हणजे, तो म्हणाला, नुसतं पुढे ढकलू नकोस,
थांब, उघडून बघ.
सात म्हणजे, माझ्यामागचा आकडा वाट दाखवत नाही,
गर्दी वाटून देतो.
काही आकडे अजून कुणाला दिलेलेच नाहीत.
आणि तीन.

तीन तारेवर कधी दिसत नाही.
शेवटचा राउटर आपल्या आधीच्याला
तो फक्त सांगून ठेवतो:
माझ्याकडे धाडण्याआधी चिठ्ठी काढून टाक,
दारात मला दोनदा वाचायला लावू नकोस.
सोय आहे. सगळे तेच करतात.

पण चिठ्ठीच्या कोपऱ्यात तीन बिटं असतात,
‘हे आधी जाऊ दे’ एवढंच म्हणणारी.
चिठ्ठी गेली की तीही गेली.
मग शेवटच्या त्या एका टप्प्यावर
छातीत कळ आलेला माणूस
आणि कुणाची तरी मालिका
एकाच रांगेत.

‘मग?’
‘मग तीनऐवजी शून्य सांगायचं.
शून्यही काहीच नाही म्हणतं,
पण लिहून म्हणतं.
कोपरा शाबूत राहतो.’

शेवटच्या राउटरवर एक ओळ. एंटर मी दाबलं.
ग्विलिमनं बिस्किट चहात बुडवलं, ते तुटलं,
आणि त्यानं वेल्शमध्ये काहीतरी म्हटलं
ज्याचा अर्थ विचारायची गरज नव्हती.

सहाला शिफ्ट संपली. बसस्टॉपवर बाबांचा फोन,
मिरजेहून. ते मलाच करतात,
मकरंदला लेस्टरमध्ये वेळ नसतो.
‘काय विशेष?’ ‘काही नाही.’
पाणी दोन दिवसांनी आलं. शेजाऱ्यांचं कुत्रं व्यालं.
‘बरं आहे ना?’ ‘काही नाही गं.’

रविवारी मकरंद विचारणार, बाबा काय म्हणत होते,
आणि मी गेली चार वर्षं सांगते तसं सांगणार,
मजेत आहेत.
चिठ्ठी काढून. त्याला सोपं जावं म्हणून.

बस आली. मी चढले नाही.
रविवारची वाट न बघता त्याला उठवलं.
तो वैतागला, ‘झालंय काय?’

काही नाही, म्हणाले.
पण दोनदा म्हणाले, मकरंद,
आणि मधे घसा खाकरला.