नावं ठेवणारा

वाळपईहून शेवटची कदंब आली
आणि उतरला एक गोरा म्हातारा,
खांद्यावर पांढरी चादर, घडी न मोडलेली.
मला वाटलं, कुणाच्या तरी मयताला आलाय.

मोरजीला त्याच्या लेकीचं हॉटेल.
पण समुद्रावर त्याचा जीव रमेना.
‘समुद्रात किडे नाहीत,’ एवढंच म्हणाला.

रात्री चादर दोन काजूंच्या मध्ये ताणायची,
मागे माझ्या भट्टीवरचा पेट्रोमॅक्स,
आणि बसायचं.
पतंग येत, तुडतुडे येत, एकदा एक वटवाघूळ,
तो त्यांना पाहुण्यांसारखा मान लववी
आणि थांबून राही त्या लांब मिशांच्या भुंगेऱ्यासाठी,
ज्याला आम्ही रोठा म्हणतो
आणि भाटकार त्याच्या आईवरून काहीतरी.
रोठा बुंध्यात शिरला की
काजू डिंक गाळतो, भुसा ओकतो,
आणि वर्षभरात सरपण.

धंदा विचारला. निम्मं हिंदी, निम्मे हातवारे:
चाळीस वर्षं एक तळघर, लाकडी खण,
खणात टाचण्या, टाचण्यांवर भुंगेरे;
ज्यांना नाव नाही त्यांना तो नाव देई.
मी आईला म्हटलं, हा नावं ठेवतो.
आई म्हणाली, मग आपल्याच गावचा की.

नऊ ठेवली होती.
दोन पुढे खोडली गेली:
कुणा जर्मनाने तोच किडा
शंभर वर्षं आधी बारशाला बसवला होता.
उरली सात.
मध्येच सरकार गेलं, देशाचं नाव गेलं,
पगार गेला, खणांना वाळवी लागली
(हे सांगताना तो हसला, मी नाही).

बारके भुंगेरे तो कागदाच्या तुकड्यावर चिकटवी.
एकदा बाटलीतली खळ संपली,
मी झाडाचा डिंक पाण्यात भिजवून दिला.
वास घेतला आणि त्याचा हात थांबला.
पाच वर्षांचा असताना शहराला वेढा पडला होता,
आईने कपाटाच्या सांध्यांतला सरस खरवडला,
मीठ घालून उकळला,
वाटी पुढे केली.
तेवढंच बोलला. मग भुंगेरा चिकटवला,
सहाही पाय सरळ करून.

भाटकार म्हणाला, रशियनाला विचार, औषध कुठलं?
त्याने औषध सांगितलं नाही.
तारेचा आकडा वाकवला,
गुडघे टेकले, बुंध्याला कान लावला.
अळी खाते तो आवाज
मी जन्मभर काजूत राहून ऐकला नव्हता.
साठ झाडं केली आम्ही, मिरगाच्या आत.
एक सोडलं, ओहोळाच्या अंगाचं.
‘हे त्याचं,’ म्हणाला.
मी भाटकाराला सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका.

जाताना त्याच्या डबीतला एक रोठा माझ्या हातचा होता,
मी धरलेला, बोट चावून घेऊन.

तीन वर्षांनी लेकीने माणूस पाठवला, फोटो घेऊन.
बाबा गेले. खण आहे.
खणात माझा रोठा, मिशा मागे वळवलेल्या,
खाली चिठ्ठी, तांदळाच्या दाण्याएवढी.
त्या माणसाने भिंगातून वाचून दाखवली:
गिवरे, सत्तरी. काजूवर. धरला: गिरू गावस.

गिरू कोण? मी विचारलं.
तो म्हणाला, आमच्यात ‘ह’ नाही,
जुनी माणसं ‘ग’ लिहितात.

म्हणजे तिकडे, बर्फातल्या त्या तळघरात
हिवरे हे गाव नाही, हिरू हा माणूस नाही.
गिवऱ्याचा गिरू आहे,
टाचणीखाली, रोठ्याच्या पायाशी.
इथे पंचायतीच्या यादीत माझं नाव
दोनदा चुकलंय. ते मी दुरुस्त करून घेतलं.
हे असू दे.

ओहोळावरचं झाड गेल्या चैत्रात पडलं.
फांद्या तोडून झाल्या, बुंधा भट्टीजवळ आहे.
पावसाआधी जाळायला हवा, नाहीतर कुजेल.
रोज कान लावतो.
अजून आत कुणीतरी जेवतंय.