कितवा नंबर

बाटलीवर लिंबाचं चित्र होतं.
आत आमच्या डायहाऊसमधलं कॉस्टिक.
मीच भरून आणलं, डब्याच्या पिशवीतून.
मोरीच्या फरशा पिवळ्या पडल्या होत्या
आणि मेहुणा यायचा होता सिकंदराबादहून.
एवढंच कारण.

मे महिना. साखर पेठेत पत्रे तापलेले.
श्रीनू गोट्या खेळून आला
आणि माठाकडे न जाता चित्राकडे गेला.
साडेचार वर्षांचा. अक्षरं येत नाहीत,
लिंबू ओळखता येतं.

एक घोट गेला.
दुसरा त्यानं थुंकला,
तेवढी फरशी अजून पांढरी आहे.

शेजारच्या अंबव्वानं मिठाचं पाणी पाजलं,
ओकू दे म्हणाली, जीव तोडून.
सिव्हिलमधली डॉक्टरीण नंतर म्हणाली,
ओकवायला नको होतं हो,
जाताना जाळतं ते येतानाही जाळतं.
मी मान हलवली.
मला कोण सांगणार कॉस्टिकचं?
एकोणीस वर्षं सूत उकळतोय त्यात.
तेल, मेण, मळ, सगळं सुटतं,
मग रंग नीट धरतो.
हातात मोजे असतात माझ्या.

आता त्याच्या नाकातून एक दोरा आत जातो,
घशातून खाली,
आणि पोटाला पाडलेल्या भोकातून बाहेर येतो.
दोन्ही टोकांची गाठ, गालाला चिकटपट्टी.
दर दुसऱ्या बुधवारी
त्या दोऱ्याला बांधून नळी ओढतात,
आधी बारीक, मग तिच्याहून जाड,
वाट बुजू नये म्हणून.

पहिल्या दिवशी मी विचारलं, कितवा नंबर?
डॉक्टरांना कळेना.
सुताचा हो. वीस? चाळीस?
रेशीम आहे, ते म्हणाले.

घरी राजमणीला सांगितलं.
ती विड्या वळत होती,
हजारात दोनशे कमी पडत होत्या.
वर न बघता म्हणाली,
आपल्या लग्नातही नव्हतं रेशीम.
मग सूप बाजूला ठेवलं तिनं,
पानं सगळी जमिनीवर.

दूध पोटातल्या नळीनं जातं.
तोंडानं काही नाही.
तरी भाकरी तव्यावर पडली की
श्रीनू येऊन बसतो,
दोरा एका बोटानं धरून,
भाकरी फुगेपर्यंत.

परवा डॉक्टर म्हणाले, चमचाभर पाणी देऊन बघा.
आधी राजमणीनं चाखलं.
मग मी.
मग पुन्हा तिनं.
चमच्यात काही उरलंच नाही,
श्रीनू हसला,
आणि आम्ही परत भरला.