राणीचा रंग

वहीत रकाने आखून दिलेत: विषय, वेळ, साहित्य.
मी लिहिलं: मंगळवार. पहाटे तीन. ट्रकची मागची फळी.
पुढे काय लिहू?
छत्तीस पेट्या झोपेत असतानाच दोरांनी आवळल्या,
ब्रॉन्विनने गाठ मारली,
सुटते का ते कॅलमने ओढून पाहिलं,
सुटली.
हे भौतिकशास्त्रात घालू की भांडणात?

सप्टेंबरात हॅलोरनबाई आल्या होत्या तपासणीला, होबार्टहून.
चिखलाने माखलेले बूट दाराशी काढून
मोज्यांनीच आल्या स्वयंपाकघरात.
एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं,
ते पाहून मी जरा सैलावले.
बाई चांगल्या होत्या. खरंच.
"कॅलम नऊ वर्षांचा. वाचतो ना?"
"पोळं वाचतो," मी म्हटलं
आणि लगेच जीभ चावली.
पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं वाक्य ते,
अकरा वर्षं वर्गात उभं राहिलेल्या बाईला न शोभणारं.
त्याच्या वहीत बी आणि डी
अजून एकमेकांकडे पाठ करून बसतात,
आणि रात्री मी त्या दोघांना वळवत जागी असते,
हे नाही सांगितलं.

तेवढ्यात ब्रॉन्विन आली,
झग्याच्या ओच्यात रंगाच्या पाच बाटल्या.
"राणीच्या पाठीवर ठिपका देतो आम्ही.
साल कळतं, आणि गर्दीत सापडते.
एक नि सहा पांढरा, दोन नि सात पिवळा,
तीन-आठ लाल, चार-नऊ हिरवा,
पाच आणि शून्याला निळा.
तुमचं साल सांगा."
बाई घुटमळल्या. "एकोणीसशे सत्तर."
"निळ्या. आमच्या कॅलमसारख्या."
बाई हसल्या, कागदावर काहीतरी लिहिलं.
समोरच्याची अक्षरं उलट्या बाजूने
मला कधीच लागत नाहीत.

जानेवारीच्या शेवटी
पश्चिमेच्या रानात लेदरवुड पांढरंधोप फुललं होतं,
मी पेटीवर वाकून धूर देत होते,
पाइनच्या वाळक्या सुया धुमसत होत्या,
तेव्हा ती म्हणाली,
"मला शाळेत जायचंय."
भाता माझ्या मुठीत दाबलेलाच राहिला.
"का?"
"बघायचंय."

आता काय सांगायचं?
की माझ्या वर्गात डेक्लन नावाचा एक मुलगा होता,
त्याने विचारलं होतं, शून्य म्हणजे
सगळं खाऊन झालेली ताटली की ताटलीच नाही?
मी खडू ठेवला, तोंड उघडलं
आणि घंटा झाली.
दुसऱ्या दिवशी मी विसरले. तोही.
मला आठवलं ते दोन वर्षांनी, भांडी घासताना,
आणि त्या उन्हाळ्यात मी राजीनामा दिला.
घंटा नसलेलं घर हवं होतं मला.
मला. तिला कुणी विचारलं होतं?

फेब्रुवारीत, धुक्यात, फाट्यावर बस थांबली.
सहा वर्षांत पहिल्यांदा
सोमवार कधी असतो ते मला ठाऊक होतं.
तिने हात हलवला तेव्हा दिसलं,
अंगठ्याच्या नखावर पिवळा ठिपका, तिच्या सालाचा.
बस वळली.
कॅलम म्हणाला, तिने डबा विसरलाय.
आम्ही दोघांनी तो तिथेच, रस्त्याच्या कडेला उभं राहून खाल्ला.

संध्याकाळी दप्तर टाकून ती सांगत होती,
"तिथे घंटा होते.
अपूर्णांक अर्धेच झाले होते, तरी सगळे उठले.
बाई म्हणाल्या, उरलेलं उद्या."
मी चहाचं भांडं नको इतकं ढवळत राहिले.
"मग? आवडलं का?"
"हो."
जरा विचार करून म्हणाली,
"माझ्या शेजारी अनीका बसते. ती खोडरबर खाते."
कॅलम बाकावरून खाली उतरला,
दिवसभरात पहिल्यांदा डोळे लुकलुकले त्याचे.
"चव कशी लागते?"
ती म्हणाली, "उद्या विचारते."