पैकीच्या पैकी

केप्याच्या कॉलेजात, दुपारी अडीचच्या तासाला
मी फळ्यावर आखतो एक ग्रीक नगर:
वर शहाणे, मध्ये शिपाई,
खाली नांगर, भट्ट्या, हातमाग.
"ज्यानं त्यानं आपापलं काम करावं,
दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नये.
त्यांच्या लेखी हाच न्याय," मी सांगतो.
वह्या मुकाट भरत जातात.

मागच्या बाकावरून शाणू वेळीप विचारते,
"सर, ह्या नगरांत दोंगर कोणाचो?"

वर्ग हसतो. मीही, थोडा उशिरा.

तिच्या घरामागचा डोंगर
बार्ज भरभरून कधीच परदेशी गेला.
झर आटली, कुळागर पिवळं पडलं.
आणि माझ्या बाबांचे दोन टिप्पर तेव्हा
सावर्ड्याच्या रस्त्यावर
दिवसाला सात खेपा मारायचे.
माझी एम.ए.ची फी त्यातली.
हे मी फळ्यावर लिहीत नाही.
म्हणतो, "चांगला प्रश्न. पुढच्या तासाला बघू."

पुढच्या तासाला अथेन्सची सभा आली,
कोण मत देई, कोण नाही, ते सगळं;
मग चवथीची सुट्टी.

ऑक्टोबरात तिचा पेपर तपासायला आला.
न्यायाची व्याख्या: माझीच वाक्यं,
माझ्या स्वल्पविरामांसकट.
डोंगराबद्दल अवाक्षर नाही.
पाचपैकी पाच दिले.
द्यावेच लागले.

समासात बारीक अक्षरात लिहिलं: आणि डोंगर?
मग गठ्ठा ऑफिसात द्यायचा होता,
म्हणून ते खोडलं,
कागद फाटणार नाही इतपत.