हरवलेलं मेंढरू

नागपूरहून, सदरच्या कचेरीतून
दर महिन्याला एक तक्ता यायचा,
फिकट निळा, चार रकान्यांचा.
सभा किती. हजेरी किती. पत्रिका किती वाटल्या.
शेवटचा रकाना : निर्णय घेतलेले.
तिथे बाबा टाक न उचलता आडवी रेघ ओढायचे.
मोहपारला आम्ही अकरा वर्षं होतो.
रेघ बरीच लांब झाली.

घर म्हणजे गोदामाची मागची खोली,
पुढे भिवापुरी मिरचीची पोती.
आमच्या प्रार्थनेत त्यामुळे शिंका फार.
'स्वर्गातील पित्या'पर्यंत धाकटा शमुवेल टिकायचा,
रोजच्या भाकरीपाशी त्याला ठसका लागायचा
आणि आई डोळे न उघडता
त्याच्या पाठीवर थाप मारायची.

मला गावात नाव नव्हतं.
येशूवाल्याची पोरगी.
नाताळात आई ताटं भरून घरोघर पाठवायची.
ताट परत यायचं मूठभर जवस घेऊन,
कधी मोहाची फुलं,
एकदा नुसतंच मीठ,
पण रिकामं नाही.

बाबांकडे फलानेलचा फळा होता.
कापडी माणसं त्यावर चिकटायची,
कापडी होडी, कापडी विहीर.
मेंढरं बारा. नव्याण्णव परवडली नसती.
एका रात्री निंबाखाली,
नेमकी तीच गोष्ट सांगताना वारा सुटला,
आणि मेंढरं अकरा भरली.

बाबा टॉर्च घेऊन मध्यरात्रीपर्यंत
गल्लीगल्लीत कुत्र्यांच्या शिव्या खात फिरले.
आई म्हणाली, जुन्या पांघरुणाचं कातरून देते दुसरं.
'सगुणा,' बाबा म्हणाले, 'अगं गोष्ट काय आहे?'
आणि पाय धुवायला गेले.

त्यानंतर गाव त्यांना विचारू लागलं.
पानठेल्यावर, बंडीवरून, सरपंचाच्या ओट्यावरून :
'सापडलं काजी गुर्जी, तुमचं मेंढरू?'
बाबा फळ्यावर तेवढी जागा मोकळी सोडायचे.

आईचा डबा मात्र सगळ्यांच्या ओळखीचा.
जांभळं औषध, डोळ्यांचं मलम, साखर-मिठाच्या पुड्या.
रात्री कडी वाजली की विंचू,
पहाटे वाजली की बाळंतीण.
भागरथाबाईच्या सुनेला आम्ही बंडीतून नेलं.
मी तेरा वर्षांची, कंदील माझ्या हातात,
आणि नाल्याच्या उतारावर, दवाखान्याच्या खूप अलीकडे,
मुलगी झाली.
आईने बैल थांबवले नुसत्या आवाजाने.
तक्त्यात याला रकाना नव्हता.

सकाळी भागरथाबाईने मला घरात बोलावलं.
कोनाड्यात देव, हळदीने पिवळे,
घासून घासून नाकडोळे गेलेले,
आणि त्यांच्या शेजारी
कपाळावर कुंकू लावलेलं
आमचं मेंढरू.

'तुह्या बापाले सांगू नको, माय.
उडत आलं, अंगणात पडलं.
नातवाले ताप होता त्या राती, सकाळी उतरला.
आता कसं देऊ वापस?'

मी सांगितलं. त्याच संध्याकाळी.
बाबा तक्ता भरत होते.
टाक थांबला.
आई लसूण सोलत होती, तीही थांबली.
बराच वेळ नुसता गोदामातल्या उंदरांचा आवाज.
मला वाटलं, आता उठतील, चप्पल घालतील.

'भिंत ओलीची आहे का गं तिथली?' त्यांनी विचारलं.
'फलानेलला कसर लागते.'

दुसऱ्या दिवशी डांबराची एक गोळी
पत्रिकेच्या कागदात बांधून
माझ्याच हाती पाठवली.
मी वाटेत कागद उलटा करून घेतला,
छापील बाजू आत.
का, ते आजही नीट सांगता येत नाही.

पुढच्या सभेत कुणीतरी नेहमीसारखं ओरडलं,
'सापडलं काजी गुर्जी?'
बाबा पेट्रोमॅक्सला हवा भरत राहिले.
मागच्या रांगेत भागरथाबाई खोकली.
मिरचीचे दिवस होते.
खोकत तर सगळेच होते.