पिशवी

कमरेखाली बधिर, कमरेवर बोलका.
शाणू मांद्रेकर, आगरवाडा, वय अठ्ठावन्न,
हिरव्या पडद्यापलीकडून मला मिठागर शिकवत होता:
पाण्यावर साय धरली म्हणून हात घालायचा नसतो, सिस्टर.
घाई केली की चिखल वर येतो,
मीठ काळं निघतं.

म्हापशाच्या थिएटरात त्या दिवसाचा दुसरा हर्निया.
जाळीचं पाकीट मी फोडून ठेवलेलं.
पिशवी सोडवायची, बांधायची, कापायची.
कापलेली बहुतेक वेळा बादलीत जाते,
कुठल्याच वहीत तिची नोंद नसते.

डॉक्टर लोटलीकरांनी ती उघडली.
आतडं नव्हतं, पाणीही नव्हतं.
ताडगोळ्याच्या गरासारखं काहीतरी
पिवळट, थरथरतं,
बाहेर येत राहिलं,
पुसलं तरी येत राहिलं.

बावीस वर्षं मी इथे चिमटे मोजते.
पिशवीत चरबी पाहिली, एकदा अपेंडिक्स,
एका म्हातारीच्या पिशवीत अंडाशय.
हे नाही.

"जाळी राहू दे," डॉक्टर म्हणाले.
फोडलेली जाळी परत पाकिटात जात नाही,
ती हातात धरून मी उभी.
पडद्यापलीकडून आवाज:
"गप्प का झालात सगळी?"
भूलवाल्या मादामनी त्याच्या कपाळावर हात ठेवला
आणि विचारलं, यंदा मिठाला भाव काय?

बरणीवर मी लिहिलं: हर्नियाची पिशवी.
पुढे 'शंका' असा रकाना असतो.
डॉक्टरांनी पेन टेकवलं, उचललं.
बरणी तशीच बांबोळीला गेली.

अकराव्या दिवशी नाव आलं,
आमच्या वहीत एका ओळीत मावेना.
मूळ अपेंडिक्समध्ये, म्हणे, कितीतरी दिवसांपासून,
आणि त्याने तक्रार केली ती फक्त
टोपली उचलताना जांघेत गोळा येतो, एवढीच.

"दहा लाखांत दोघा-तिघांना होतो," डॉक्टरांनी सांगितलं.
शाणू बायकोकडे वळला:
"ऐकलंस? मटक्याचा आकडा जन्मात लागला नाही."
ती हसली नाही. पिशवीतली छत्री
तिने या हातातून त्या हातात घेतली.

मुंबईला जावं लागेल, मोठं ऑपरेशन, अख्खं पोट.
त्याने बोटांवर काहीतरी मोजलं.
"मार्च चाललाय. अजून दोन महिने मीठ आहे.
मग पावसात आगर बुडतंच,
तेव्हा उघडा काय ते."

डॉक्टर नाही म्हणाले. पुन्हा नाही म्हणाले.

हल्ली पिशवी कापली की
बादली मी पायाने टेबलाखाली सारते
आणि बरणीचं झाकण उघडते.
नवे डॉक्टर विचारतात, कशाला?
मी झाकण उघडंच ठेवते.